भिंतीवरचा कॅमेरा कोणाच्या अखत्यारीत?

२०२५च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या चित्रफिती यूट्यूबवर दिसू लागल्या. तपासणीच्या खोलीत लावलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं ते चित्रण होतं. यूट्यूबवर थोडा नमुना दाखवायचा आणि पूर्ण फीत टेलिग्रामवर पैसे घेऊन विकायची, असा तो धंदा. अहमदाबादच्या सायबर क्राइम शाखेने माग काढला तेव्हा आरोपी महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात सापडले. देशात इतर अनेक ठिकाणचे कॅमेरेही असेच उघडले गेले होते, हेही तपासात पुढे आलं. त्यासाठी फार हुशारी लागली नव्हती. कॅमेऱ्यांसोबत कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता: ‘अ‍ॅडमिन’ आणि पुढे १२३. उपचारासाठी आलेल्या बायकांचं चित्रण बाजारात विकलं गेलं, ते एवढ्याशा निष्काळजीपणामुळे. वाचून संताप येतो आणि तो यायलाच हवा.

आता दुसरी घटना बघा. २ जानेवारी २०२४ला रशियाने युक्रेनची राजधानी कीव्हवर क्षेपणास्त्रं डागली. त्यानंतर युक्रेनच्या सुरक्षा सेवेने जाहीर केलं की शहरातले दोन खासगी कॅमेरे रशियन हॅकरांनी ताब्यात घेतले होते. एक होता राहत्या इमारतीच्या बाल्कनीत, दुसरा एका निवासी संकुलाच्या पार्किंगवर लक्ष ठेवणारा. हॅकरांनी कॅमेऱ्याची दिशा बदलली, चित्रण थेट प्रसारित केलं आणि हवाई संरक्षण यंत्रणा नि महत्त्वाच्या वास्तू हेरल्या. युद्ध सुरू झाल्यापासून तोवर सुमारे १० हजार कॅमेरे बंद पाडावे लागले, असंही त्या सेवेने सांगितलं.

एका घटनेत बायकांची अब्रू गेली, दुसरीत शहराचं संरक्षण उघडं पडलं, आणि दोन्हीकडे वस्तू तीच होती. आपल्या सोसायटीच्या गेटवर असते ती. बडोद्याच्या माणसाने तर याचा विचार करायलाच हवा. कोयलीची रिफायनरी इथे, खतांचे आणि रसायनांचे कारखाने इथे, हवाई दलाचा तळ इथे, फत्तेगंजला लष्कराचं ईएमई स्कूल इथे. २८ ऑक्टोबर २०२४ला टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या जुळणीचा कारखानाही इथेच सुरू झाला. ५६पैकी ४० विमानं या कारखान्यात तयार व्हायची आहेत. या सगळ्या ठिकाणांच्या आसपास आपली घरं आहेत, दुकानं आहेत, आणि त्यांच्यावर कॅमेरे आहेत.

कॅमेरा बाहेरून उघडतो कसा, हे आधी समजून घेऊ. तुम्ही पुण्याला लेकीकडे गेला आहात आणि फोनवर कारेलीबागेतल्या घराचं दार बघता आहात. हे चित्र तिथवर पोचतं कसं? घरच्या इंटरनेटमध्ये बाहेरून कोणालाही सरळ शिरता येत नाही, राउटर अडवतो. मग दोन वाटा उरतात. जुनी वाट अशी की राउटरमध्ये एक दार मुद्दाम उघडं ठेवायचं. कॅमेरे बसवणारे याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. त्या दारातून तुम्ही आत येता, पण दुसरं कोणीही येऊन ते ठोठावू शकतं, आणि इंटरनेटवर दिवसरात्र हेच काम करणारे प्रोग्रॅम आहेत. जगभरातले उघडे कॅमेरे, राउटर आणि सर्व्हर शोधून दाखवणारं शोडान नावाचं सर्च इंजिन २००९पासून चालू आहे. तुमचा पत्ता कोणाला माहीत असायची गरजच पडत नाही.

नवी वाट जास्त सोयीची, म्हणून आता बहुतेक ठिकाणी तीच असते. कॅमेरा स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो आणि जोडलेलाच राहतो. खोक्यावरचा क्यूआर कोड तुम्ही फोनने स्कॅन केला की तो सर्व्हर तुमची आणि कॅमेऱ्याची गाठ घालून देतो. दार उघडावं लागत नाही, सगळं दोन मिनिटांत सुरू होतं. पण आता तुमच्या घराच्या चित्रणाची सुरक्षितता त्या सर्व्हरवर आणि त्याच्या मालकावर अवलंबून असते. तो कोणत्या देशात आहे, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ऑगस्ट २०२१मध्ये थ्रूटेक या तैवानी कंपनीच्या अशाच जोडणी-व्यवस्थेत मोठी त्रुटी सापडली. ती व्यवस्था वापरणारी उपकरणं जगभरात ८ कोटी ३० लाखांवर होती, आणि ती वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांनी विकली गेली होती. म्हणजे ग्राहकाने थ्रूटेक हे नावसुद्धा कधी ऐकलेलं नसणार.

कॅमेरा फक्त बघतो असंही नाही. तो एक छोटा संगणक असतो, त्याला प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि बहुतेकदा लिनक्सची कुठली तरी जुनी आवृत्ती असते. २०१६मध्ये अमेरिकेतल्या तीन तरुण मुलांनी मिराई नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कारखान्यात ठेवल्या जाणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साधारण ६० जोड्यांची यादी त्यात होती. तो इंटरनेटवर फिरे, कॅमेरा किंवा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) दिसला की यादीतली एकेक जोडी लावून बघे आणि उघडला की त्याला आपल्या फौजेत सामील करून घेई. मग त्यांच्यापैकी एकाने त्याचा कोड जाहीर करून टाकला आणि तो कोणाच्याही हाती लागला. २१ ऑक्टोबर २०१६ला अशा लाखभर उपकरणांनी मिळून, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट तासन्‌तास कोलमडले. हल्ला ज्यांच्या कॅमेऱ्यांमधून झाला त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांना आपलं अंगण नेहमीसारखंच दिसत होतं.

यात चीनचा प्रश्न कुठे येतो? जगातल्या सगळ्यात मोठ्या दोन कॅमेरा कंपन्या, हिकव्हिजन आणि दाहुआ, चिनी आहेत. चीनच्या २०१७च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यातलं सातवं कलम म्हणतं की देशातल्या प्रत्येक संस्थेने आणि नागरिकाने गुप्तवार्तेच्या कामाला मदत केलीच पाहिजे. सरकारने मागितलं तर कंपनीला नकार देण्याची सोय नाही, ही इतर देशांची धास्ती. अमेरिकेने ऑगस्ट २०१८मध्ये सही झालेल्या संरक्षण कायद्याने संघीय कार्यालयांना या दोन्ही कंपन्यांची उपकरणं विकत घ्यायला मनाई केली. नोव्हेंबर २०२२मध्ये ब्रिटनने संवेदनशील सरकारी जागांवर त्यांचे नवे कॅमेरे बसवायचे थांबवले, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाने सरकारी इमारतींतून ते काढायला घेतले. कंपन्या हेरगिरीचे आरोप नाकारत आल्या आहेत.

माझं मत असं, की इथे दोन वेगवेगळ्या भीती एकत्र कालवल्या जातात. कोणीतरी मुद्दाम ठेवलेलं चोरदार ही एक भीती, आणि घाईघाईने लिहिलेलं, कधीच दुरुस्त न होणारं सॉफ्टवेअर ही दुसरी. पहिलीचा पुरावा मिळणं अवघड असतं. दुसरीचे पुरावे ढीगभर आहेत. २०२१मध्ये हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत अशी त्रुटी सापडली की पासवर्ड न टाकताच कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा घेता येई. गांभीर्याच्या १०च्या मापावर तिला ९.८ गुण दिले गेले. कंपनीने दुरुस्ती दिली, पण जगात किती जणांनी ती आपल्या कॅमेऱ्यात भरून घेतली असेल? आणि त्रुटी मुद्दाम ठेवली असो वा चुकून राहिली असो, तिच्यातून शिरणारा चिनी असेल, पाकिस्तानी असेल, नाहीतर टेलिग्रामवर धंदा करणारा आपल्याकडचाच कोणी. म्हणून केवळ देश बघून बंदी घातली की काम झालं, असं मला वाटत नाही.

दिल्लीने मात्र दोन्ही गोष्टी केल्या आहेत. जून २०२०मध्ये गलवानच्या चकमकीनंतर ५९ चिनी अ‍ॅप बंद झाली, हे सगळ्यांना आठवतं. त्याच वर्षी जुलैत सरकारी खरेदीच्या नियमांत बदल होऊन, जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांच्या कंपन्यांना टेंडर भरण्याआधी नोंदणी सक्तीची झाली. जून २०२१पासून टेलिकॉम कंपन्यांना फक्त ‘विश्वासू स्रोतां’कडूनच यंत्रसामग्री घेण्याचा निर्देश लागू झाला. कॅमेऱ्यांचा विषयही २०२१मध्येच संसदेत आला. तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी सांगितलं की सरकारी संस्थांमध्ये चिनी कंपन्यांचे सुमारे १० लाख कॅमेरे आहेत आणि त्यांचं चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्याची जोखीम आहे.

त्यानंतर एप्रिल २०२४मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी काढल्या. त्या ९ एप्रिल २०२५पासून लागू झाल्या. आता कॅमेरा देशात बनवायचा, आणायचा किंवा विकायचा तर आधी तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. हे काम एसटीक्यूसी या सरकारी संचालनालयाच्या देखरेखीखाली चालतं. प्रयोगशाळेत काय बघतात? चित्रण कूटबद्ध होऊन जातं का, म्हणजे मधल्या वाटेवर कोणी पकडलं तरी त्याला ते दिसणार नाही अशी सोय आहे का. कारखान्यातला पासवर्ड पहिल्याच वापरात बदलावा लागतो का. आतल्या सर्किटवर जोडणी-चाचणीसाठी ठेवलेल्या पिना बंद केल्या आहेत का, कारण त्यांना वायर लावून थेट आत शिरता येतं. नवं सॉफ्टवेअर भरताना ते कंपनीचंच आहे याची खात्री कॅमेरा करून घेतो का. डबी कोणी उघडली तर कळतं का. आणि कंपन्यांना सगळ्यात टोचलेली अट: सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, तपासणीला द्यावा लागतो.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच गैरलागू नव्हतं. सोर्स कोड हे त्यांचं भांडवल. प्रयोगशाळा मोजक्या, मॉडेलं शेकड्यांनी, त्यामुळे रांग लागणार आणि माल अडकणार. एप्रिल २०२५च्या सुरुवातीला देशी-परदेशी कंपन्यांच्या प्रतिनिधींनी मुदतवाढ मागितली, सरकारने ती दिली नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण अंमलबजावणीची तारीख त्याआधी एकदा पुढे गेलेलीच होती. पण प्रयोगशाळा आणि तपासणारी माणसं वाढवल्याशिवाय नियम कडक ठेवला तर त्याची झळ मोठ्या कंपन्यांना कमी आणि मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या जुळणी करणाऱ्याला जास्त बसते. त्याच्याकडे एकेक मॉडेल तपासून घेण्याइतका पैसा नसतो.

शिवाय ‘भारतात तयार’ या शिक्क्याच्या आत काय असतं तेही बघायला हवं. कॅमेऱ्याची अक्कल असते ती एका चिपमध्ये, आणि ती चिप आज बाहेरून येते. धोलेऱ्याला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा ९१ हजार कोटी रुपयांचा चिप कारखाना उभा राहतो आहे. तिथे २८ नॅनोमीटरपर्यंतच्या चिपा बनवायच्या आहेत, म्हणजे कॅमेऱ्यासारख्या कामाला पुरतील अशा. मात्र कारखाना उभा राहणं आणि आपली स्वतःची कॅमेरा-चिप असणं यांत वर्षांचं अंतर आहे, कारण चिपचा आराखडा करणं हे वेगळंच कसब.

आता मूळ प्रश्न. या कॅमेऱ्याला जबाबदार कोण? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्यांची आणि दोघांची सामाईक अशा तीन याद्या आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्याच्या यादीत अगदी पहिले दोन विषय. टपाल, दूरध्वनी, बिनतारी संदेश केंद्राच्या यादीत ३१व्या क्रमांकावर. सायबर सुरक्षा मात्र तिन्ही याद्यांत कुठेच नाही, कारण घटना लिहिली गेली तेव्हा ती गोष्टच नव्हती. जे कुठेच नाही ते केंद्राचं, असं घटना सांगते, म्हणून माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली संसदेने केला. पण त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास करतो तो राज्याचा पोलीस निरीक्षक. कलम ७८ तसं स्पष्ट सांगतं. कायदा दिल्लीचा आणि पाय मोडेपर्यंत धावायचं ते रावपुरा नाहीतर माजलपूर पोलीस ठाण्यातल्या माणसांनी.

याच्या जोडीला गुजरातने २०२२मध्ये सार्वजनिक सुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. अहमदाबाद, सुरत, बडोदा, राजकोट अशा आठ महानगरांत तो आधी लागू झाला. लोकांची मोठी ये-जा असते अशी दुकानं, रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, देवस्थानं यांनी कॅमेरे लावलेच पाहिजेत, चित्रण ३० दिवस ठेवलं पाहिजे आणि पोलिसांनी मागितलं की दिलं पाहिजे, असं तो सांगतो. गुन्ह्यांच्या तपासाला याचा खूप उपयोग होतो, हे कोणीही पोलीस सांगेल. चोरी झाली, मूल हरवलं की आधी फुटेज बघतात, आणि ते बरोबरच आहे.

पण हे दोन नियम शेजारी ठेवून बघा. राज्य म्हणतं, कॅमेरे लावा आणि महिनाभराचं चित्रण जपा. केंद्र म्हणतं, इथून पुढे विकला जाणारा कॅमेरा तपासलेला हवा. आणि जो कॅमेरा २०१९मध्ये स्क्रू मारून भिंतीवर बसला, ज्याचं सॉफ्टवेअर तेव्हापासून कोणी हलवलं नाही, त्याचं काय? केंद्राचा नियम बाजारात येणाऱ्या मालाला लागतो, त्याला लागत नाही. राज्याच्या दृष्टीने तो चालू आहे म्हणजे नियम पाळला गेला. माझ्या मते आजचा सगळ्यात मोठा धोका याच कॅमेऱ्यात आहे, आणि तो दोन सरकारांच्या मधल्या फटीत पडलेला आहे. सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२मध्ये आदेश काढला की सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कंपन्यांनी आणि संस्थांनी तो कळवायचा. त्या यादीत इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांवरचे हल्लेही आहेत. पण कॅमेरा हॅक झालाय हे लक्षातच आलं नाही तर सहा तास मोजायचे कधीपासून?

खासगीपणाच्या कायद्याची स्थितीही तपासून घेऊ. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. माणसाने स्वतःच्या घरगुती वापरासाठी लावलेला कॅमेरा या कायद्यातून वगळलेला आहे. दुकान किंवा रुग्णालय या सवलतीच्या बाहेर आहे, आणि सोसायटी म्हणजे एकटा माणूस नसल्याने तिनेही सवलत गृहीत धरू नये. सरकारी यंत्रणांना मात्र देशाच्या सुरक्षेच्या कारणाने सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. ही सूट फार सैल आहे असं मला वाटतं. सुरक्षेचं कारण खरं असतं, पण ते किती वेळा आणि कोणासमोर सिद्ध करायचं हे ठरलेलं हवं. आणि तपासणीच्या खोलीत, कपडे बदलायच्या जागी कॅमेरा लावू नये, हे तर कुठल्याच एसटीक्यूसी प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं. ते लावणाऱ्यालाच कळावं लागतं.

राज्य सरकारला करता येण्यासारखी एक गोष्ट मला फार अवघड वाटत नाही. २०२२च्या कायद्याखाली कॅमेरे बसले आहेत की नाहीत हे बघितलं जातंच. त्याच वेळी कारखान्यातला पासवर्ड बदलला आहे का, सॉफ्टवेअर शेवटचं कधी अद्ययावत झालं आणि चित्रण देशाबाहेर जातं का, हे तीन प्रश्न विचारायची सक्ती करता येईल. त्यासाठी दिल्लीची वाट बघावी लागणार नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यापासून वाघोडिया रोडच्या नव्या टॉवरपर्यंत सगळीकडे गोष्ट सारखीच असते: कॅमेरे बसवणारा येतो, सगळं चालू करून देतो, आणि अ‍ॅडमिन खातं त्याच्याच मोबाइल नंबरवर राहतं. पुढे चेअरमन बदलतात, सेक्रेटरी बदलतात, तो माणूसही धंदा बदलतो, खातं मात्र तसंच राहतं. सगळ्यात आधी ते सोसायटीच्या नावावर घ्या. पासवर्ड नवा आणि लांब ठेवा, आणि तो वॉचमनच्या टेबलावरच्या कागदावर लिहून ठेवू नका. वॉचमनला फक्त बघण्यापुरतं वेगळं खातं करून देता येतं. डीव्हीआरच्या मेनूत सॉफ्टवेअरची आवृत्ती दिसते, ती कंपनीच्या संकेतस्थळावरच्या आवृत्तीशी ताडून बघा. कंपनीने त्या मॉडेलसाठी दुरुस्त्या देणं बंद केलं असेल तर ते इंटरनेटपासून तोडा. चित्रण डीव्हीआरवर होतच राहील, फक्त फोनवर दिसणार नाही. बाहेरगावाहून बघायची खरोखर गरज नसलेल्या ठिकाणी क्लाउडची, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरची, जोडणी बंद ठेवली तरी काही अडत नाही. राउटरमध्ये उघडं ठेवलेलं पोर्ट असेल तर ते बंद करायला सांगा. कॅमेऱ्यांसाठी वेगळं वायफाय ठेवलं तर एक कॅमेरा हॅक झाला तरी त्यातून घरच्या संगणकापर्यंत पोचणं अवघड होतं.

नवे कॅमेरे घ्यायचे असतील तर कोटेशन मागवताना मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याच मॉडेलचं एसटीक्यूसी प्रमाणपत्र मागा. कंपनीचं आहे म्हणजे सगळ्या मॉडेलचं आहे असं नसतं. जुना साठा स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला हा प्रश्न विचारला की किंमत का उतरली ते कळतं. दुरुस्त्या किती वर्षं मिळणार, हेही कोटेशनवर लिहून घ्या. आणि काही गडबड दिसली, कॅमेरा आपोआप वळला, रात्री भलत्या वेळी कोणीतरी लॉगिन केल्याचं नोंदीत दिसलं, तर आधी कॅमेऱ्याची इंटरनेटची वायर काढा. डीव्हीआर पुसू नका, कारण पोलिसांना लागणारा पुरावा त्याच्यातच असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा.